स्वमग्न कोणाला म्हणता?

दोस्तांनो, आधी ह्या शब्दाची झडती घ्या. स्वमग्न. म्हणजे स्वतःतच बुडालेला, दुसऱ्याशी देणंघेणं नसलेला. ऑटिझमला मराठीत हा शब्द चिकटवताना ऑटिस्टिक माणसाला कोणी विचारलं होतं? मूळचा शब्दही तसलाच. ब्लॉयलर नावाच्या स्विस मनोविकारतज्ज्ञानं तो ग्रीकमधल्या ‘स्वतः’वरून स्किझोफ्रेनियासाठी काढला. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्या डॉक्टरनं अकरा पोरांचं वर्णन लिहिताना तो वापरला. पोरांना कोण विचारतो! नाव ठेवणारा एक आणि जन्मभर ते नाव वागवणारा दुसरा.

आता ह्या ‘स्वतःत बुडालेल्यां’नी काय केलं ते बघा.

पूर्वी ऑटिझमच्या परिषदा भरायच्या त्या डॉक्टरांच्या आणि आईबापांच्या. ऑटिस्टिक माणसाला व्यासपीठावर बोलवायचे ते जत्रेच्या तंबूत बोलवावं तसं. ये, दुःख सांग, टाळ्या घे आणि उतर. धोरण आम्ही ठरवतो. 1992 साली जिम सिंक्लेअर आणि त्यांच्या जोडीदारांनी ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल काढलं. ऑटिस्टिक माणसांनीच चालवलेली संघटना. 1993 साली टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी आईबापांना तोंडावर सुनावलं, आमचा शोक करू नका. तुमच्या मनातलं पोर जन्मलं नाही म्हणून रडायचं तर बाजूला जाऊन रडा. समोर बसलेलं पोर जिवंत आहे, ते तुमचं रडणं ऐकतंय. च्यायला, हे बोलायला किती धक लागते!

1994 साली त्यांनी संगणकावरून पत्रांची देवाणघेवाण सुरू केली. एकानं लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं. 1996 साली नेदरलंड्सच्या मार्टिन डेकर यांनी असाच दुसरा गट उभा केला. जिथं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन एकेकटा माणूस कुढत बसला होता, तिथं त्याला कळलं की समुद्रापलीकडेही आपल्यासारखं कोणी आहे. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द असल्याच चर्चांतून घडला आणि 1998 साली छापून आला. मेंदू एकाच साच्याचे नसतात, एवढाच त्याचा साधा अर्थ. आज विद्यापीठं आणि कंपन्या तो मिरवतात. घडवणाऱ्यांची नावं कोण घेतं?

तुम्ही विचाराल, पडद्यावरच का? समोरासमोर का नाही? कारण समोरासमोरचे नियम दुसऱ्यानं केलेले. डोळ्यात बघ. लगेच उत्तर दे. ट्यूबलाइटची झीणझीण सोस. हसण्यावर हस. लिहिताना ह्यातलं काही नाही. वेळ घ्या, चार दिवसांनी उत्तर द्या, कोणी तुमच्या चेहऱ्याची परीक्षा घेत नाही. आणि ते समोरासमोरही भेटले. 1996 पासून त्यांनी ऑट्रीट नावाचा मेळावा भरवला. तिथं छातीवर रंगीत बिल्ले. लाल म्हणजे आत्ता माझ्याशी बोलू नका. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. एवढी समजूत आपल्या लग्नसमारंभात, सभेत, कचेरीत आहे का? मग दुसऱ्याशी देणंघेणं नसलेला कोण?

मी गोदीत काम करतो. क्रेनच्या आवाजात तोंडाची भाषा मेलेली असते. खाली उभा असलेला माणूस हातानं खुणा करतो. उचल, थांब, सोड. एक खूण चुकली तर खालचा माणूस चेचला जाईल. त्याला मुका, अडाणी म्हणायची कोणाची हिंमत नाही. पण 2007 साली मेल बॅग्ज यांनी स्वतःचं चित्रण जगापुढं टाकलं तेव्हा लोक चक्रावले. बॅग्ज तोंडानं बोलत नव्हते. त्यात ते हात हलवतात, गुणगुणतात, नळाच्या पाण्याला बोटं लावतात, आणि मग टाइप करून सांगतात की हीच माझी भाषा आहे. मी तुमची भाषा शिकले तर हुशार आणि तुम्ही माझी शिकत नाही तर त्यात उणीव माझीच, हा कुठला न्याय?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमानसोपचार केंद्रानं शहरभर फलक लावले. पोर पळवणाऱ्या गुंडानं खंडणीची चिठ्ठी लिहावी तसा मजकूर, खाली सही ‘ऑटिझम’. म्हणजे पोर ओलीस आणि त्याचा मेंदूच गुन्हेगार. 2006 साली स्थापन झालेल्या ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्कच्या आरी निमन आणि साथींनी इंटरनेटवरून पत्रं, सह्या, निषेध यांचा मारा केला. इतर अपंग संघटना सोबत आल्या. डिसेंबर संपायच्या आत फलक खाली. घरोघरी एकेकटे बसलेल्या माणसांनी एवढं मोठं केंद्र वाकवलं!

हे सगळं शब्दांचं भांडण आहे असं समजू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये ऑटिस्टिक माणसांच्या अंगाला यंत्र बांधून विजेचे झटके दिले गेले, वागणूक सुधारण्यासाठी! 2020 साली सरकारनं त्या यंत्रावर बंदी घातली, 2021 साली कोर्टानं ती उडवली, 2022 साली संसदेला कायदाच बदलावा लागला. ज्याला झटका बसतो त्याचं म्हणणं चर्चेत नसलं की झटक्यालाही उपचार म्हणता येतं.

काही आईबाप म्हणतात, लिहिणारे हे हुशार, आमच्या पोराला तर शौचाचंही भान नाही, त्याच्या वतीनं हे कसे बोलणार? प्रश्न खोटा नाही. त्या आईची रात्र कोणी हसण्यावारी नेऊ नये. तिला मदतनीस हवा, पैसा हवा, झोप हवी, आणि त्यासाठी सरकारशी भांडलंच पाहिजे. पण त्या पोराच्या वतीनं झटका मागणाऱ्यापेक्षा, तसाच मेंदू घेऊन जगलेला माणूस त्याच्या जवळचा नाही का? 2012 साली डेमियन मिल्टन ह्या ऑटिस्टिक अभ्यासकानं मांडलं की समजण्यातली दरी दोन्ही बाजूंनी असते. 2020 साली एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या, एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची. ऑटिस्टिकांच्या साखळीतून गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली. कुठं गेली ती स्वमग्नता?

पण ह्या चळवळीलाही एक सवाल आहे. संगणक कोणाकडं होता? इंग्रजी कोणाला येत होती? आवाज चढला तो बराचसा शिकलेल्या गोऱ्यांचा. म्हणून 2017 साली गोऱ्या नसलेल्या ऑटिस्टिकांना स्वतःचा वेगळा संग्रह काढावा लागला. घरातल्या घरातही पायरी असते, ती ज्यानं त्यानं फोडलीच पाहिजे.

आपल्याकडं 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. 2016 च्या कायद्यात आलं. कागदावर आलं म्हणजे माणूस सभेत आला असं नाही. दर 2 एप्रिलला ऑटिझम दिन होतो, निळे दिवे लागतात, भाषणं झडतात. दोस्तांनो, यंदा अशा सभेला जा. मागं बसू नका. उभं राहून एकच विचारा, व्यासपीठावर ऑटिस्टिक किती?

उत्तर शून्य आलं, तर स्वतःत बुडालेलं कोण ते सगळ्या सभागृहाला कळेल.