मडकें आणि रस

"कविता वाचून शेवटीं निष्पन्न काय होतें?" असें पालक आम्हांस विचारतात. आमच्या चिखलीभोंवतीं कारखाने आहेत. यंत्र हें कारण व माल हें कार्य, हा हिशेब येथें सर्वांच्या अंगवळणीं पडला आहे. तेव्हां प्रश्न स्वाभाविकच आहे.

परंतु 'निष्पत्ति' या शब्दावरच आपल्या शास्त्रकारांचा मोठा वाद झाला. विभाव म्हणजे निमित्तें, अनुभाव म्हणजे अश्रूंसारखीं चिन्हें आणि येणारेजाणारे व्यभिचारी भाव, यांच्या संयोगानें रसनिष्पत्ति होते, असें भरतमुनींचें मत. लोल्लटानें निष्पत्ति म्हणजे उत्पत्ति मानली. रस हें कार्य ठरलें. इ. स. १००० च्या सुमारास काश्मीरांत अभिनवगुप्तानें हें खोडून काढलें. कुंभार निघून गेला तरी मडकें उरतें. नाटक संपलें कीं रस उरत नाहीं. मग त्यास कार्य कसें म्हणावें? प्रेक्षकाच्या मनांत संस्काररूपानें जें असतें, तेंच कलेच्या योगें प्रकट होतें.

टाळगांव चिखलीच्या भजनांत बसलेल्यास हें निराळें सांगावयास नको. टाळ थांबले कीं रंगहि ओसरतो.

मग हातीं काय राहिलें? काव्याच्या अभ्यासानें मनाचा आरसा निर्मळ होतो, असें अभिनवगुप्त सांगतो. असें मन दुसऱ्याच्या सुखदुःखाशीं एकरूप होऊं शकतें. आमच्या मतें हाच खरा लाभ. पाठ केलेलीं तयार उत्तरें मडक्याप्रमाणें उरतात, पण रितींच. म्हणून, पालकहो, गुण किती मिळाले हें विचारण्यापूर्वीं मुलास एक कविता मोठ्यानें म्हणावयास सांगा, आणि स्वस्थ बसून ऐका.