आपल्याला काय लपवायचंय?



गेल्या आठवड्यात स्थानकात सामायिक पारल्यावर, चपला घालता घालता फोनचा विषय निघाला. एक जणी म्हणाल्या, "घेऊ दे त्यांना माहिती. आपण सरळ माणसं, आपल्याला काय लपवायचंय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प राहिले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. ते चुकीचं आहे, आणि रोज प्रतिक्रमण करणाऱ्या बाईच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही.

आधी धुळ्याची गोष्ट सांगते. माझ्या नणंदेने या पर्युषणात अठाई केली. पारण्याला काय द्यावं, म्हणजे पोट बिघडणार नाही, हे सुनेने सासूच्याच फोनवर शोधलं. दुसऱ्या दिवसापासून त्या फोनवर काय काय यायला लागलं! वजन उतरवायच्या पावडरी, पोट आवळायचे पट्टे, सोळा तास उपाशी राहायला शिकवणारी ॲपं. नणंद म्हणाली, "भाभी, मी कर्म झडावीत म्हणून उपवास केले, यांना वाटलं चरबी." आम्ही खूप हसलो. पण कुठल्याशा यंत्रात तिच्या तपाची नोंद 'हिला बारीक व्हायचंय, गिऱ्हाईक होईल' अशी पडली आहे, आणि ती खोडायला कुठे जायचं, हे आम्हाला कुणालाच माहीत नाही. लपवण्यासारखं तिने काय केलं होतं? काहीच नाही. तरीही तिचं तप विकायला काढलं गेलं.

आता थापणमोसोबद्दल. दुसऱ्या अणुव्रतात पाच मोठी खोटी सांगितली आहेत: मुलीसंबंधी, गाईगुरांसंबंधी, जमिनीसंबंधी, थापणमोसो आणि खोटी साक्ष. थापण म्हणजे ठेव. विश्वासाने ठेवलेली वस्तू नाकारणं हा त्याचा नेमका अर्थ. मी तो जरा पुढे ओढते आहे, ते महासतीजींनी सांभाळून घ्यावं.

माझे सासरे जळगावच्या सराफ बाजारात पेढीवर बसायचे. गहाण आलेला दागिना फडक्यात बांधून, चिठ्ठी लावून तिजोरीत जायचा. कुणाचा, हे सासूबाईंनाही कळत नसे. एका लग्नात एक बाई हातात पाटल्यांशिवाय आली; बायका कुजबुजत होत्या, आणि सासरे ताटातलं जेवत होते. (सावकारांबद्दल खानदेशात जे बोललं जातं ते सगळंच खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. व्याजाचं व्याज मीही पाहिलंय.) पण त्या पाटल्या त्यांनी एक दिवस स्वतःच्या सुनेला घालायला दिल्या असत्या तर? दागिना जागच्या जागी, वजन तेवढंच, तरी आपण त्याला लबाडीच म्हटलं असतं. कारण ठेव ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी असते.

आपण फोन नंबर देतो तो निरोप पाठवायला. 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं. ऑगस्ट 2016 मध्ये आपली माहिती फेसबुकला देण्याचं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा जुन्या लोकांना निदान 'नको' म्हणायला तीस दिवस होते. जानेवारी 2021 च्या सूचनेत तेही उरलं नाही. मान्य करा, नाहीतर बाजूला व्हा. तुम्ही मान्य केलंत, मीही केलं, कारण स्थानकाचे निरोप, नातवाचे फोटो, सगळं त्यावरच येतं.

मजकूर ते वाचू शकत नाहीत, हे खरं आहे. पण नंबर, फोन कोणता, कुठल्या दुकानाशी कसा व्यवहार केला, अशी माहिती त्यांच्या धोरणातच लिहिलेली आहे. पाकीट न फोडताही पोस्टमनला पुष्कळ कळतं.

यावर भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213.14 कोटी रुपये दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती इतर मेटा कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी घातली. मी जुनी बी. कॉम., आकडा दिसला की भागाकार करते. 2024 ची मेटाची कमाई सुमारे 16,450 कोटी डॉलर, बहुतेक जाहिरातींची. दंड साधारण अडीच कोटी डॉलर. म्हणजे ऐंशी मिनिटांची कमाई. आपली दोन सामायिकं पुरी व्हायच्या आत दंड वसूल! आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ती पाच वर्षांची बंदी काढून टाकली. यातलं खरं वजन बंदीलाच होतं.

कायदा आलाय. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, असंच तो सांगतो. थापणच की!

पण नुसतं मेटाला बोलून आपण सुटत नाही. आपल्याच घरातली शिकलेली मुलं सेल लावताना नंबरांच्या याद्या विकत आणतात. हजार नंबर, इतके रुपये. तिसऱ्या व्रताचा पहिला अतिचार चोरीचा माल घेणं हाच आहे ना? संवत्सरीला आपण मिच्छा मि दुक्कडं म्हणतो, तेही त्याच यादीवर पाठवतो.

आता समाजाच्या परिवार सूचीचा ऑनलाइन फॉर्म आलाय. जन्मतारीख, रक्तगट, गोत्र, उत्पन्न, लग्नाच्या मुलींचे फोटो. मागच्या सूचीची पीडीएफ कुणीतरी ग्रुपवर टाकली, आणि माझ्या पुतणीला प्लॉट विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. त्यांना तिचं गोत्रसुद्धा ठाऊक होतं! म्हणून मी या वेळी तीन गोष्टी विचारल्या: ही माहिती कुणाकडे राहणार, कोण कोण पाहणार, आणि मुलीचं लग्न ठरल्यावर तिचा फोटो कोण काढून टाकणार. उत्तर आलं, "काकीजी, इतकं कुणीच विचारलं नाही. तुम्हाला काय लपवायचंय?"

फॉर्म मी अजून भरलेला नाही. तुमच्याकडे आला असेल तर भरण्याआधी हेच तीन प्रश्न विचारा. खासगीत नको, ग्रुपवर विचारा.