प्राडाला नावं ठेवून झाली, आता स्वतःचं नाव टाका

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा आपण सगळे चिडलो. बरोबरच होतं! २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय आहे. पण मित्रांनो, जीआयने गावाचं नाव जपलं जातं, कारागिराचं नाही.

मारिओ प्राडाने १९१३ मध्ये मिलानला चामड्याच्या वस्तूंचं दुकान काढलं आणि पाटीवर आडनाव लावलं. १९७८ मध्ये नात मिउच्चाने धंदा हातात घेतला. पुढे तिने चक्क नायलॉनच्या बॅगा विकल्या, पण पाटी तीच! आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवणारी घरं आहेत. वाशीच्या एखाद्या प्रदर्शनात कापशीचा जोड उलटा करून बघा, कुणाचं नाव दिसतं? तळाला आडनावाचा ठसा मारायला असा कितीसा खर्च येतो?