कुठलं माप पुन्हा घ्याल?

एम-वनच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलाय. दंडगोलाचा व्यास आणि लांबी मोजताना प्रत्येकी एक टक्का चूक झाली, तर घनफळात जास्तीत जास्त किती टक्के चूक येईल? दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा, डेरिव्हेटिव्ह काढायचा, दोन अधिक एक, उत्तर तीन टक्के. चौकट करायची आणि पुढच्या प्रश्नाकडे पळायचं. पार्शल डेरिव्हेटिव्हच्या अख्ख्या युनिटमधले हे सगळ्यात हक्काचे मार्क. उत्तराबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न अर्ध्यावर सोडलाय, ही तक्रार आहे.

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची वस्ती इथे वाढत गेली. आपल्याकडच्या डिप्लोमा-डिग्रीच्या कितीतरी मुलामुलींची पहिली नोकरी किंवा अप्रेंटिसशिप अशाच एखाद्या शेडमध्ये, क्यूसीच्या टेबलावर सुरू होते. त्या टेबलावर ‘घनफळात किती टक्के चूक?’ असं कुणी विचारत नाही. तिथला प्रश्न वेगळा असतो. मायक्रोमीटर एकच आहे आणि मापं दोन आहेत, तर तो कुठे लावायचा?

एक स्टीलची पिन घेऊ. व्यास २० मिमी, लांबी १०० मिमी. हातात ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा साधा व्हर्निअर. घनफळाचा व्यासाच्या दृष्टीने पार्शल डेरिव्हेटिव्ह काढा, तो येतो साधारण ३१४२. लांबीच्या दृष्टीने काढा, येतो ३१४. म्हणजे व्यासात जेवढी चूक कराल, तेवढीच लांबीत केली तर तिचा परिणाम दहापट कमी. ०.०२ ने गुणलं की व्यासामुळे ६३ घन मिमी आणि लांबीमुळे जेमतेम ६. लांबीसाठी कितीही महागडं उपकरण आणलंत तरी ते सहाच कमी होणार. व्यासाला मायक्रोमीटर लावला, की ६३ चे निम्मे होतात. खर्च कुठे करायचा हे दोन आकड्यांनी सांगून टाकलं.

आणि एक. कॅल्क्युलेटरवर आलेलं ३१४१५.९२६५ हे घनफळ रिपोर्टमध्ये जसंच्या तसं उतरवणारे वीर प्रत्येक बॅचमध्ये असतात. या व्हर्निअरने मोजलं तर जास्तीत जास्त चूक सत्तरच्या आसपास जाते. मग पॉइंटनंतरचे चार आकडे कुणाला दाखवायचे? ३१,४२० अधिक-उणे ७० असं लिहिणारा मुलगा मला जास्त हुशार वाटतो.

आता गंमत बघा. पिनेच्या जागी चकती ठेवा, व्यास १०० मिमी आणि जाडी १०. सूत्र तेच, व्यासाचा वर्गही तोच. तरीही या वेळी जाडीचा पार्शल डेरिव्हेटिव्ह व्यासाच्या पाचपट निघतो. ‘व्यासाचा वर्ग आहे म्हणून व्यास महत्त्वाचा’ हे पाठ केलेलं वाक्य इथे आपटतं. टक्क्यांत सारख्या चुका धरल्या तर ते वाक्य खरं, पण व्हर्निअरची चूक मिलिमीटरमध्ये असते आणि मिलिमीटर म्हटलं की जॉबचा आकार मध्ये येतो. पेपरातला ‘प्रत्येकी एक टक्का’ हा शब्दप्रयोग नेमकं हेच झाकून टाकतो. पार्शल डेरिव्हेटिव्हमध्ये किंमती टाकून बघायच्या असतात. आपण मात्र लॉग घेऊन किंमती टाकायची वेळच येऊ देत नाही.

उणे चिन्हाचंही असंच. दुचाकीच्या सस्पेन्शनमधली कॉइल स्प्रिंग घ्या. तिचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो आणि वेटोळी वाढली तरी कमी होतो. प्रत्येकी एक टक्का चूक धरली तर चार, उणे तीन, उणे एक. परीक्षेत आपण सगळी चिन्हं पुसून ८ टक्के लिहितो. सगळी संकटं एकाच दिवशी, एकाच दिशेने आली तर काय, याचं ते उत्तर. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. मग येतात साधारण ५.१ टक्के. आणि तुमचं उपकरणच दोन्ही व्यास एक टक्का जास्त दाखवत असेल तर? वेटोळी तर नुसती मोजायची असतात, ती राहिली बाजूला. चार उणे तीन, फक्त एक टक्का. आठ, पाच आणि एक, तिन्ही उत्तरं बरोबर. चूक कुठून आली हे माहीत असल्याशिवाय यातलं एक निवडता येत नाही, आणि ते कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही. मशीनजवळ जावंच लागतं.

जी गोष्ट सूत्रातच नाही तिचं काय, हा प्रश्नही तिथेच पडतो. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची हे १९३१ पासून जगभर ठरलेलं आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली २० अंश कुठून आणणार? जॉब आणि उपकरण दोन्ही स्टीलचे आणि सारखेच तापलेले असतील तर चूक बरीचशी एकमेकांत फिटते. पण जॉब मशीनवरून नुकताच उतरलाय आणि मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम आहे, तर १०० मिमी लांबीत सुमारे ०.०२३ मिमीचा फरक पडतो. व्हर्निअरच्या लीस्ट काउंटपेक्षा जास्त! ‘जॉब जरा थंड होऊ दे, मग मोज,’ असं म्हणणाऱ्या जुन्या ऑपरेटरने तापमान हे तिसरं चल कधीच धरलेलं असतं, आपल्या वहीत मात्र ते नसतं.

बदलाच्या दराचंही तसंच. लेथवर टूल झिजत जातं तसा पिनेचा व्यास हळूहळू वाढतो. समजा तासाला ०.०१ मिमी. ३१४२ ने गुणा, तासाला ३१ घन मिमी, स्टीलच्या वजनात पाव ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमचा काटा असेल तर वजन करून ही झीज कळायला चार तास लागतील, आणि तोवर रिजेक्शनचा ढीग लागलेला असेल. मायक्रोमीटरला ती तासाभरात कळते. मग ऑफसेट द्यायचा आणि पुढचे जॉब वाचवायचे. चेन रूलचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही, तरी वर्गात आपण शंकूच्या टाकीत पाणीच भरत बसतो.

‘सिलॅबस संपत नाही, वर्गात साठ पोरं, हे सगळं कधी करायचं?’ असं सर-मॅडम म्हणतात. त्यांचंही खरं आहे. पण यासाठी नवा पेपर किंवा लॅब लागत नाही. वर्कशॉपमधला एक व्हर्निअर आणि भंगारातल्या दोन पिना आणून टेबलावर ठेवल्या तरी पुरे. पाच जणांनी एकच पिन मोजली तर पाच आकडे येतील, आणि चूक या शब्दाचा अर्थ फळ्याआधी बोटांना कळेल. तीन टक्क्यांचा प्रश्न पेपरात खुशाल राहू द्या. त्याला फक्त एक उपप्रश्न जोडा, आकडे मिलिमीटरमध्ये देऊन: एकच माप पुन्हा घेता येणार असेल तर कुठलं घ्याल, आणि का? पाचातले तीन मार्क त्या ‘का’ला ठेवा.