विहार तेथे वार्ताहर

प्रस्थापित वृत्तपत्रांना गडचिरोली आठवते ती चकमकीच्या दिवशी. मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. पण ज्या गावाचा दावा फेटाळला जातो, त्याची बातमी कोण देणार? आफ्रिकेतील चर्चच्या अनुभवातून धडा घ्यावा. लुथरन चर्चसंघाने १९६३ मध्ये अदिस अबाबात उभारलेले बलाढ्य रेडिओ केंद्र १९७७ मध्ये लष्करी राजवटीने ताब्यात घेतले. केंद्र जप्त होते. गावोगावच्या माणसांचे जाळे सहजी जप्त होत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या भूमीत प्रत्येक विहारात, प्रत्येक ग्रामसभेत गोंडी-माडिया जाणणारा एक वार्ताहर हवा. 'मूकनायक'कारांच्या अनुयायांना हे जड नाही. येत्या पौर्णिमेला विहारात पहिले नाव लिहा.