वास आणि हातचा

चारकोपमध्ये ओहोटी लागली की खाडीकडून सडक्या अंड्यासारखा वास येतो. तिवरांच्या चिखलात हवा पोहोचत नाही. तिथले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने वसवलेल्या इथल्या सेक्टरांत घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यामुळे नाल्याचा, कचऱ्याचा वासही एका घरापुरता राहत नाही. आपण नाकाला ओढणी लावून कामाला लागतो. पण घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असेल तर?

बेरीज शिकवताना आम्ही मुलांना बजावतो, हातचा विसरू नका. काही सेकंद मनात धरलेला हा हातचा म्हणजेच वर्किंग मेमरी. ‘गॅस बंद कर, गोळी घे, मग दार लाव’ हे करायलाही तीच लागते. स्किझोफ्रेनियात ती मुळातच कमी पडते.

त्यात दुर्गंधी आली की भर पडते. दृश्य आणि आवाज आधी मेंदूतल्या थॅलॅमस या ठाण्यावर थांबतात. वास मात्र थेट भावना सांभाळणाऱ्या अमिग्डलापर्यंत पोहोचतो. म्हणून विचार करण्याआधीच जीव कासावीस होतो.

जर्मनीतल्या संशोधकांनी २००७ साली निरोगी माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एकेक अक्षर यायचं; दोन अक्षरांपूर्वीचं अक्षर पुन्हा आलं की बटण दाबायचं. सोबत आंबलेल्या यीस्टचा वास. काहींवर परिणाम झाला नाही, काहींचा मात्र हातचा सुटला. निरोगी माणसाचं हे, तर आजाऱ्याचं काय होत असेल?

शिवाय अनेक रुग्णांना वास नीट ओळखता येत नाही. त्रास होतो, पण कशाचा ते सांगता येत नाही. काहींना नसलेली दुर्गंधीही येते. अशा वेळी हुज्जत घालू नका, डॉक्टरांना सांगा.

म्हणून भाईजान सांगितलेलं विसरले, तर ‘कामचोर’ म्हणू नका. ‘असर झालाय’ म्हणून धुरात बसवू नका. कचऱ्याचा डबा रोज रिकामा करा, मोरी धुवा, मासळी साफ करताना त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. एका वेळी एकच काम सांगा. गोळ्यांची वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा. दुआ जरूर करा, पण दवा थांबवू नका. सल्ला हवा असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे.