अवजारांचे कारखाने आणि आपलें कर्तव्य

मृग नक्षत्र तोंडावर आलें म्हणजे नांदेड व लातूर येथील अवजारांच्या दुकानांपुढें शेतकऱ्यांची जी गर्दी होते, ती पाहिली असतां एक गोष्ट ध्यानांत येते. पेरणीयंत्र, पलटी नांगर, रोटाव्हेटर यांपैकीं बराचसा माल दूरच्या शहरांतून आलेला असतो. विकणारा आपल्या ओळखीचा असतो. परंतु घडविणारा कोण, त्यानें आपली काळी जमीन कधीं पाहिली आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं. इकडे गांवांतील व तालुक्याच्या पेठेंतील लोहार-सुतारांच्या भट्ट्या एकामागून एक थंड पडत आहेत. या दोन गोष्टी एकमेकींशीं निगडित आहेत आणि त्यांचा कांहीं दोष आपणां शेतकऱ्यांकडे येतो, असें आमचें मत आहे. तें मांडण्यापूर्वीं दक्षिण महाराष्ट्रांतील एका घराण्याची हकीकत सांगणें अवश्य आहे.

लोखंडी नांगर म्हटला कीं किर्लोस्करांचें नांव तोंडीं येतें. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. घराणें लोहाराचें नव्हे, कीं पिढीजाद कारखानदाराचेंही नव्हे. चित्रकला शिकण्याच्या हेतूनें ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले; परंतु आपल्या डोळ्यांस कांहीं रंग नीट ओळखतां येत नाहींत असें आढळून आल्यावर त्यांना तो मार्ग सोडावा लागला. यंत्रांचीं चित्रें काढण्याची विद्या मात्र हातीं राहिली व तिच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. १८८८ सालीं बंधु रामूअण्णा यांच्यासह त्यांनीं बेळगांवास सायकलींचें लहानसें दुकान काढलें. पुढें बढतीच्या वेळीं डावलले गेल्यामुळें त्यांनीं नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ या धंद्यास वाहून घेतलें. 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नांवाचा उगम दोघां भावांच्या या दुकानांत आहे.

सायकली घेणारे थोडे आणि जमीन कसणारे पुष्कळ, हें त्यांच्या लक्षांत येण्यास वेळ लागला नाहीं. प्रथम त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें आणि १९०३ सालीं विलायती नमुने पाहून लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाचें विष जमिनींत उतरतें व ती नापीक होते, असा त्या काळीं समज होता. पहिले नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं.

या गोष्टीवरून आपल्या वाडवडिलांस हंसण्याची आज रीत पडली आहे. ती आम्हांस योग्य वाटत नाहीं. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील चार्ल्स न्यूबोल्ड यानें १७९७ सालीं ओतीव लोखंडाच्या नांगराचा हक्क नोंदविला, तेव्हां तेथील शेतकऱ्यांनींही जमीन नासते असाच आक्षेप घेतला होता. म्हणजे हा कांहीं आपल्याच अज्ञानाचा प्रकार नव्हे. विषाची कल्पना खोटी होती, पण तिच्या मागची धास्ती खरी होती. लांकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार त्याच दिवशीं नवें लांकूड बसवीत असे आणि फाळ बोथट झाला तर लोहार तो शेवटून देत असे. त्यांचें बलुतें खळ्यावर ठरलेलें होतें. ओतीव लोखंड तडकलें तर तें ना सुताराच्या हातचें, ना लोहाराच्या. ज्याचें वर्ष एका पेरणीवर अवलंबून आहे, त्यानें दुरुस्ती न होणारें औत दारांत घेण्यापूर्वीं दहा वेळां विचार केला, तर त्यांत मूर्खपणा कोणता ? तेव्हां नवें अवजार रुजवावयाचें तर तें नुसतें चांगलें असून भागत नाहीं. मोडल्यावर त्याचा सुटा भाग जवळ व वेळेवर मिळाला पाहिजे, आणि आपल्या जमिनींत तें कसें चालतें हें घडविणाऱ्यानें येऊन पाहिलें पाहिजे.

जगांत ज्या घराण्यांचीं नांवें अवजारांस कायमचीं चिकटलीं, त्यांचे आरंभ पाहिले तर हेंच दिसतें. इंग्लंडांत इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यानें १८०३ सालीं अशा फाळाचा हक्क घेतला कीं, ओततांना त्याची खालची बाजू एकदम थंड होऊन कठीण बने व वरची नरम राही. त्यामुळें वरची बाजू आधीं झिजून धार आपोआप कायम राहत असे. फाळ पुनः पुनः लोहाराकडे न्यावा लागतो, ही शेतकऱ्याची अडचण ज्यानें जाणली, त्यालाच हें सुचावयाचें. अमेरिकेंतील जॉन डियर हा तर खेड्यांतला लोहार. इलिनॉय प्रांतांतील जमीन आपल्यासारखीच काळी व चिकट. नांगराला मातीचा थर बसे आणि थोड्या थोड्या पावलांवर थांबून तो खरडावा लागे. १८३७ सालीं त्यानें मोडक्या करवतीच्या पोलादाचें गुळगुळीत पातें करून नांगरास बसविलें. माती आपोआप सुटूं लागली. त्या एका पात्यांतून उभा राहिलेला धंदा पुढें कित्येक पिढ्या त्याच्या घराण्याकडे चालला. लोहार आणि शेतकरी एकाच गांवांत राहत होते, ही या यशांतील पहिली गोष्ट होय.

किर्लोस्करांच्या हकीकतींत आणखी एक पात्र आहे, तिकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. बेळगांवास वस्ती वाढविण्याच्या योजनेंत कारखान्याची जागा गेली आणि सर्व सामान हलविण्याची पाळी आली. अशा वेळीं औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांत कुंडलजवळ माळरान दिलें व पैशाचेंही साहाय्य केलें. १९१० सालीं त्या निवडुंगानें भरलेल्या, सापांच्या माळावर जी वस्ती झाली तीच किर्लोस्करवाडी. तेथून नांगरांबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचीं यंत्रें व पाण्याचे पंप निघूं लागले. १९२० सालीं धंद्याची मर्यादित कंपनी झाली आणि त्याच सालीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक निघालें. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंतून यंत्रविद्या शिकून १९२६ सालीं परतले. पुढच्या पिढीनें १९४१ सालीं हरिहर येथें यंत्रें घडविणाऱ्या यंत्रांचा कारखाना काढला आणि १९४६ सालीं पुणें येथें तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा. विहिरीवर त्या इंजिनाचा आवाज ज्यानें ऐकला नाहीं, असा आमच्या पिढीचा शेतकरी विरळा.

औंधच्या राजेसाहेबांनीं केलें काय ? त्यांनीं फाळ ओतला नाहीं, यंत्राचें चित्रही काढलें नाहीं. नवा धंदा जेव्हां सर्वांत अशक्त असतो, तेव्हां त्याचा कांहीं धोका त्यांनीं आपल्या शिरावर घेतला, इतकेंच. परंतु तेवढ्या आधारानें एक घराणें तरलें.

आतां आपल्याकडे वळूं. मराठवाड्यांत सरकीच्या व डाळींच्या गिरण्या निघाल्या, साखर कारखाने निघाले. परंतु ज्याचें नांव नांगराबरोबर घरोघर घेतलें जावें असें घराणें आपण वाढूं दिलें नाहीं. कसबी माणसें नव्हतीं असें नव्हे. तिफणीच्या चाड्याचें भोंक किती ठेवावें, वखराची पास किती कलती बसवावी, हें आमच्या सुतार-लोहारांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या होतें. त्यांच्यांतील कित्येकांच्या मुलांनीं आज वेल्डिंगचीं दुकानें घातलीं आहेत. परंतु तीं दुकानें मोडलें तें जोडण्यापुरतीं राहिलीं. नवें घडविणें तेथें होत नाहीं.

एक अनुभव सांगतों. मागें एका खरिपांत सोयाबीन पेरण्यास आम्हीं रुंद वरंबा-सरीचें पेरणीयंत्र घेतलें होतें. अतिपावसांत सरींतून पाणी निघून जातें व उघडीप पडली तर वरंब्यांत ओल राहते, म्हणून आपल्या भारी जमिनीस ही पद्धति मानवते. दुसऱ्याच दिवशीं त्यांतील बियाण्याची तबकडी फुटली. विक्रेत्याकडे गेलों तर भाग बाहेरगांवाहून मागवावा लागेल, असें उत्तर मिळालें. वापसा निघून चालला होता. शेवटीं तालुक्याच्या ठिकाणीं एका लोहाराच्या दुकानीं ती फुटकी तबकडी नेली. त्यानें रात्रभर बसून जाड पत्र्याची दुसरी कापली, भोकें पाडलीं, दाणा घालून तीन वेळां फिरवून पाहिली आणि सकाळीं आमच्या हातीं दिली. पेरणी साधली. पैसे देतांना आम्ही म्हणालों, "अरे, तूं असें अख्खें यंत्रच कां करीत नाहींस ?" तो म्हणाला, "मालक, औत मोडलं की तुम्हाला माझी आठवण येते. नवं घ्यायचं झालं की माझं नाव यादीत नसतं."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. २०१४-१५ सालापासून केंद्र सरकारची कृषि यांत्रिकीकरणाची योजना चालू झाली. तिच्यांत मान्य केंद्राकडून चांचणी होऊन दाखला मिळालेल्या अवजारासच अनुदान मिळतें. हा नियम वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. निकस माल शेतकऱ्याच्या गळ्यांत पडूं नये म्हणून तो आहे. पण चांचणीचा खर्च आणि खटाटोप लहान दुकानदारास पेलत नाहीं. अनुदान नाहीं म्हणून गिऱ्हाईक नाहीं, गिऱ्हाईक नाहीं म्हणून भांडवल नाहीं, आणि भांडवल नाहीं म्हणून चांचणी नाहीं, असें हें चक्र फिरत राहतें.

कोणी म्हणेल, लहान कारागिराच्या मालांत एकसारखेपणा नसतो. एका यंत्राचा भाग दुसऱ्यास बसत नाहीं. हा आक्षेप बरोबर आहे. साच्यावांचून, मापावांचून, केवळ नजरेनें केलेलें काम कारखान्याचें काम नव्हे. लक्ष्मणराव यंत्रांचीं चित्रें काढावयास शिकलेले होते, हें येथें विसरूं नये. लोहार गरीब आहे म्हणून त्याचा वाकडा माल घ्यावा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. शेतकऱ्यानें दया दाखवूं नये. त्यानें गिऱ्हाईक व्हावें, आणि चोखंदळ गिऱ्हाईक व्हावें.

दुसरा आक्षेप असा कीं, किर्लोस्करांस राजाश्रय होता, तो आज कोठून आणावा ? आमचें उत्तर असें कीं, आज तो आश्रय शेतकऱ्यांच्या संस्थेनें द्यावयाचा आहे. एकट्या शेतकऱ्यास जें झेपत नाहीं तें शंभर सभासदांस सहज झेपतें. यासाठीं आम्ही तीन गोष्टी सुचवितों.

पहिली अशी कीं, अवजाराची मागणी ज्येष्ठांत न नोंदवितां गुढीपाडव्यास नोंदवावी आणि किंमतीचा चौथा हिस्सा त्याच वेळीं रोख द्यावा. आज आपण मृगांत उधारीवर काम करून घेतों व दसरा-दिवाळीस पैसे देतों. म्हणजे कारागिराच्या भांडवलावर आपली पेरणी होते. हें लाजिरवाणें आहे.

दुसरी अशी कीं, दोन्ही जिल्ह्यांतून प्रत्येकीं एक-दोन होतकरू दुकानें निवडून, त्यांच्या एकेका अवजाराच्या चांचणीचा खर्च संस्थेनें उचलावा व तो पुढें विक्रींतून हप्त्यानें वसूल करावा. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ पासून आपल्या उंबरठ्यावर आहे. बैलांनीं ओढावयाच्या अवजारांवर व वरंबा-सरीच्या यंत्रांवर तेथें काम झालेलें आहे. तेथील नमुना, आपल्या लोहाराचा हात आणि आपलें शेत या तिहींची गांठ घालून देणें हें संस्थेचें काम आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, पण सर्वांत उपेक्षित. अवजार घेतल्यावर तें कोठें वाकलें, कोठें झिजलें, चिकण मातींत कसें चाललें व मुरमाड मातींत कसें, हें प्रत्येकानें लिहून ठेवावें आणि खळें संपल्यावर तें घडविणाऱ्यापुढें वाचून दाखवावें. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत आपण जनावरें पारखून घेतों, दांत पाहतों, चालवून बघतों. तीच पारख अवजारांसही लावावी. यात्रेजवळच्या एखाद्या शेतांत चार दुकानांचीं औतें सर्वांसमक्ष चालवावीं आणि गुणदोष उघड बोलावे. गिऱ्हाइकाच्या अशा उघड बोलण्यानेंच चांगला कारागीर सुधारतो.

बैलजोड्या कमी होत आहेत, ट्रॅक्टर वाढत आहेत. अवजारें बदलणार हें उघड आहे. तीं कोणाच्या हातून बदलावयाचीं, एवढाच प्रश्न आहे. पेठेंतील लोहाराच्या मुलानें हातोडा ठेवून एकदां शहराची वाट धरली म्हणजे मृगाच्या ऐन वापशांत फुटकी तबकडी घेऊन आपण कोणाच्या दारीं जाणार ? येत्या पाडव्यास आपल्या संस्थेच्या सभेंत हा विषय निघावा आणि निदान दहा सभासदांनीं आगाऊ रक्कम ठेवून मागणी नोंदवावी, अशी आमची विनंति आहे. आमची स्वतःची मागणी त्यांतील पहिली समजावी.